तुम्हाला काय चालतं?

मे १४९८. वास्को द गामाची गलबतं कालिकतच्या किनाऱ्यासमोर नांगर टाकून उभी होती. कप्तान लगेच उतरला नाही. अनोळखी मुलखात काही बरंवाईट झालंच तर फारसं कुणाचं अडू नये, म्हणून शिक्षा झालेला एक कैदी त्यानं आधी किनाऱ्यावर धाडला. तिथल्या लोकांनी त्याला ट्युनिसहून आलेल्या दोन मुसलमानांकडे नेलं, कारण युरोपातली भाषा समजणारे तेच होते. त्या दोघांनी आधी वैतागून विचारलं, इतक्या लांब इकडे कशाला आलात? ख्रिस्ती लोक आणि मसाले शोधायला आलो, असं उत्तर मिळालं. मग ते त्याला आपल्या बिऱ्हाडी घेऊन गेले आणि गव्हाची रोटी व मध त्याच्यापुढे ठेवला. तो जेवला आणि गलबतावर परतला. त्या सफरीच्या रोजनिशीत ही नोंद आहे.

ही नोंद वाचताना आणखी एक तारीख लक्षात ठेवावी लागते. डिसेंबर १४९६ मध्ये, म्हणजे जेमतेम दीड वर्ष आधी, पोर्तुगालचा राजा मानुएल यानं आपल्या राज्यातल्या यहुदी आणि मुसलमानांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता. त्याच राजाच्या माणसाला इथे घास मिळाला तो मुसलमानांच्या हातून. घरात आलेल्या माणसाला आधी खाऊ घालावं, बाकीचं नंतर बघावं, ही रीत त्या दोन परदेशी व्यापाऱ्यांनी पाळली.

गेल्या वर्षी मे महिन्यात, कॉलेजला सुटी असताना, भाषांतरावरच्या एका परिषदेसाठी लिस्बनला सहा दिवस जाण्याचा योग आला. मी उर्दू शिकवते, मराठीत लिहिते. बरोबर मराठी विभागातल्या सहकारी मॅडम होत्या. त्या लिंगायत, घरात अंडंसुद्धा न येणाऱ्या. मी मुसलमान, मांस खाणारी, पण हलालच. डुक्कर आणि दारूचा थेंबही न चालणारी. औशाहून निघताना दोघींच्या पिशव्यांत शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे होते. दोघींच्याही घरून एकच सूचना होती, ‘तिकडं काय मिळंल न मिळंल, उपाशी राहू नका.’ निबंधापेक्षा हीच काळजी मोठी होती, हे सांगायला हरकत नाही.

मेनूकार्डावरचा उर्दूचा तास

लिस्बनच्या कुठल्याही साध्या खानावळीत बसलात की मागणी नोंदवण्याआधीच टेबलावर पावाची टोपली आणि ऑलिव्हची वाटी येते. आपल्याकडे पानात आधी चटणी-कोशिंबीर येते तसं वाटतं, पण हे फुकट नसतं. खाल्लं तर बिलात धरतात, नको म्हटलं तर उचलून नेतात. युरोपला जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

पाव या शब्दाशी मात्र आपली फार जुनी ओळख. पोर्तुगीज माणूस तो नाकातून, ‘पांव’च्या जवळपास म्हणतो. वडापावातला पाव हाच. मॅडमनी बोट दाखवून ‘बटाटा?’ असं विचारलं तेव्हा वेटरला भाषांतराची गरज पडली नाही, कारण पोर्तुगीजमध्येही तो ‘बटाटा’च. कोबी, काजू, अननस, पपई हे शब्द तिथूनच आपल्याकडे आले. बांधकामावरचं घमेलं, पाण्याची बादली, महिन्याचा पगार आणि आडत बाजारातला लिलाव हेही पोर्तुगीजच. बटाटा, मिरची आणि शेंगदाणा ही मुळात अमेरिका खंडातली पिकं. पोर्तुगीजांची जहाजं समुद्र ओलांडू लागल्यावर ती पूर्वेकडे पसरत गेली. आपण ‘अस्सल मराठवाडी’ म्हणून परदेशी नेलेल्या शेंगदाण्याच्या चटणीत दाणे आणि तिखट दोन्ही समुद्रापलीकडचे. लसूण आणि मीठ तेवढे जुने.

माझ्यासाठी मेनूकार्ड म्हणजे उर्दूचा तासच होता. ऑलिव्हच्या तेलाला तिथे ‘अझैति’ म्हणतात. हा अरबी ‘अझ्-झैत’, आपल्या जैतूनचा भाऊ. तांदळाचा ‘अर्रोझ’ हा अरबी ‘अर्-रुझ’. साखरेचा ‘असूकर’ हा ‘अस्-सुक्कर’, आणि तो फारसीमार्गे आपल्याच संस्कृत शर्करेपासून निघालेला. म्हणजे पुरणपोळीतली नि शीरखुर्म्यातली साखर एक फेरा मारून तिथे पोचली आहे. संत्र्याला ‘लरांजा’, म्हणजे नारिंग. खजुराला ‘तामरा’, म्हणजे तमर. औषधाच्या गोड पाकाला ‘शारोपि’. ज्या अरबी धातूतून आपलं शरबत आलं त्यातलाच हा शब्द. आणि गंमत अशी की अमक्याढमक्याला पोर्तुगीज ‘फुलानु’ म्हणतात. उर्दूतला फलाँ आणि मराठीतला फलाणा तिथेही फिरतो आहे! ‘तसं व्हावं’ अशा अर्थानं म्हाताऱ्या बायकांच्या तोंडी ‘ओशाला’ येतं. हा शब्द मूळ अरबी, ‘अल्लाहची इच्छा असेल तर’ या अर्थाचा.

हे शब्द तिथे राहिले त्याला कारण आहे. आठव्या शतकाच्या सुरुवातीपासून ११४७ पर्यंत लिस्बन मुसलमानी सत्तेखाली होतं. अरबीत त्याला अल्-उश्बूना म्हणत. ११४७ मध्ये अफोंसो हेन्रिकेश या राजानं ते जिंकलं. उरलेल्या मुसलमानांना किल्ल्याच्या पायथ्याशी एका वस्तीत राहायला जागा दिली. त्या वस्तीचं नाव आजही मोरारिया, म्हणजे मूर लोकांची आळी. माणसं गेली, मशिदी गेल्या. पण स्वयंपाकघरातले शब्द कुणी हद्दपार करू शकलं नाही.

सरीद, मलिदा आणि आसोर्दा

या सहा दिवसांत मला सर्वांत जास्त आवडलेला पदार्थ कुठल्याही मोठ्या हॉटेलात शोधायची गरज नाही. तो गरिबांचा आहे. नाव ‘आसोर्दा’. मूळचा लिस्बनच्या आग्नेयेकडच्या अलेंतेजू या कोरडवाहू भागातला. आपल्या मराठवाड्यासारखाच तापणारा, गहू पिकवणारा मुलूख तो.

कृती अशी. खलबत्त्यात लसूण, मूठभर कोथिंबीर आणि जाडं मीठ कुटायचं. आपण ठेचा कुटतो अगदी तसं, फक्त मिरची नाही. वाडग्यात हा गोळा घेऊन त्यावर ऑलिव्हचं तेल ओतायचं, कडकडीत गरम पाणी घालायचं, आणि त्यात शिळ्या पावाचे तुकडे सोडायचे. वरून पाण्यात उकळलेलं अंडं. झालं. वास आला आणि मॅडम म्हणाल्या, ‘अहो, ही तर आपली कोथिंबीर!’ युरोपातल्या फार थोड्या स्वयंपाकघरांत कोथिंबीर अशी मुठीनं वापरतात, पोर्तुगाल त्यांतला एक. मॅडमचा वाडगा अंड्याशिवाय आला, माझा अंड्यासकट. दोघींनी बोटं चाटून खाल्लं.

आसोर्दा हे नाव अरबी ‘सरीद’च्या घराण्यातलं आहे. रस्स्यात रोटी कुस्करून केलेला सरीद पैगंबरसाहेबांना फार प्रिय होता, हे हदीसमध्ये येतं. रमजानमध्ये आमच्याकडे कितीतरी घरांत दिवसभराच्या रोजानंतर पोटाला हलकं म्हणून शोरब्यात रोटी मोडून खातात. पण हे काही फक्त मुसलमानांचं नाही. औशातला शेतकरी आमटीत भाकरी चुरून खातो. शिळी पोळी फोडणीला टाकतात. दर्ग्यावर पोळी, गूळ आणि तूप एकत्र कुस्करून मलिदा चढतो, आणि तो चढवणाऱ्यांत निम्म्या बायका हिंदू असतात. कोरडी भाकरी टाकून द्यायची नाही, तिला ओलावा देऊन पुन्हा खाण्याजोगं करायचं, ही अक्कल अलेंतेजूतही तीच, अरबस्तानातही तीच आणि औशातही तीच. ती गरजेतून आली आहे.

चौघांत कागद फिरवला

पण लिस्बनचं सगळंच ताट इतकं सोपं नव्हतं. तिथलं घराघरांतलं सूप म्हणजे ‘काल्दु वेर्दि’, बटाट्याच्या पातळ पिठल्यासारख्या रस्स्यात केसासारखी बारीक चिरलेली हिरवी पालेभाजी. दिसायला सात्त्विक, पण वर एक-दोन चकत्या डुकराच्या सॉसेजच्या. सगळीकडे मिळतो तो खारवलेला, वाळवलेला कॉड मासा, ‘बाकल्याउ’. तो थंड उत्तर अटलांटिकातून येतो, दिवस-दोन दिवस पाणी बदलत भिजवतात आणि मग त्याचे शेकडो प्रकार करतात. मला तो चालत होता, मॅडमना नव्हता. गोडात अंड्याच्या पिवळ्या बलकाचं राज्य. पूर्वी मठांतल्या जोगिणी कपड्यांना खळ द्यायला अंड्याचा पांढरा भाग वापरत आणि उरलेल्या बलकाची मिठाई करत, असं सांगतात. एका मिठाईच्या नावाचा तर अर्थच ‘स्वर्गातली डुकराची चरबी’! बेलें भागातल्या मठाशेजारी १८३७ पासून विकली जाणारी, दालचिनी भुरभुरलेली कस्टर्डची टार्ट जगप्रसिद्ध आहे. मॅडमनी तिचा फक्त फोटो काढला.

मग आम्ही एका कागदावर पोर्तुगीजमध्ये मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं. डावीकडे माझं: डुक्कर नाही, चरबी नाही, दारू नाही, मासा चालेल. उजवीकडे मॅडमचं: मांस नाही, मासा नाही, अंडं नाही, दूध चालेल. प्रत्येक ठिकाणी तो कागद पुढे करायचा. आमच्या राहत्या गल्लीतल्या खानावळीच्या मालकीणबाईंनी तो चष्मा लावून वाचला, आत नेऊन स्वयंपाक्याला दाखवला, परत आल्या आणि मेनूकार्डावर एकेका ओळीवर बोट ठेवत सांगू लागल्या. हे तुम्हाला. हे यांना. हे दोघींना नको, पिठात चरबी आहे. श्रावणघेवड्यासारख्या शेंगा पिठात बुडवून तळलेली भजी त्यांच्याकडे मिळते, नाव ‘मळ्यातले मासोळे’. पोर्तुगीजांनी हाच प्रकार जपानला नेला आणि त्याचा ‘तेम्पुरा’ झाला असं मानतात. पण पिठात अंडं होतं. बाईंनी मॅडमसाठी बाजूला वेगळं पीठ कालवायला लावलं.

शेवटी आमच्या दोघींच्या कागदात बसणारा एक अस्सल स्थानिक पदार्थ सापडला. लिस्बनच्या दक्षिणेला अझैतांव नावाचं गाव आहे, तिथलं मेंढीच्या दुधाचं चीज. बरीच चीज बनवताना दूध गोठवण्यासाठी वासराच्या पोटातला पदार्थ वापरतात, त्यामुळे पक्क्या शाकाहारी माणसाला ते चालत नाही आणि मुसलमानालाही विचारावं लागतं. अझैतांवमध्ये मात्र एका काटेरी रानझाडाची वाळलेली जांभळी फुलं पाण्यात भिजवून, त्या पाण्यानं दूध गोठवतात. शतकानुशतकांची रीत. वरचं साल कापायचं आणि आतलं मऊ चीज चमच्यानं काढून पावाला लावायचं. लिंगायत आणि मुसलमान बाईनं एका ताटलीतून खाल्लेलं ते लिस्बनमधलं पहिलं खाणं.

तोच प्रश्न, दुसऱ्या तोंडून

‘तुम्हाला काय चालतं?’ हा प्रश्न त्या शहरात एके काळी अगदी वेगळ्या कारणासाठी विचारला जात असे.

१४९६ च्या हुकुमानंतर पुढच्याच वर्षी हजारो यहुद्यांना जबरदस्तीनं ख्रिस्ती करण्यात आलं. मग संशय सुरू झाला, हे मनातून खरे ख्रिस्ती आहेत का? १५३६ मध्ये पोर्तुगालात इन्क्विझिशन, म्हणजे धर्माची चौकशी करणारं न्यायालय, स्थापन झालं. शेजाऱ्यांनी कोणत्या खुणा पाहाव्यात हे जाहीर केलं जाई, आणि त्या खुणांत स्वयंपाकघर होतं. डुकराचं मांस टाळणं. चरबीऐवजी तेलात रांधणं. वेगळे उपास धरणं. म्हणजे शेजारणीच्या चुलीवरून येणारा वास हा पुरावा.

‘अल्येइरा’ नावाच्या सॉसेजची गोष्ट याच काळातली सांगतात. घराघरांत डुकराचे सॉसेज धुरावर टांगलेले असत. ज्याच्या घरी नसत त्याच्यावर संशय. म्हणून यहुदी कुटुंबांनी कोंबडीचं मांस, पाव आणि लसूण भरून तसेच दिसणारे सॉसेज केले आणि दारातून दिसतील असे टांगले, अशी ही लोककथा. आज ते सगळ्या देशाचं लाडकं खाणं आहे. काळाचा विनोद असा की आता बाजारातल्या बऱ्याच अल्येइरांत डुकराचं मांसही घालतात, म्हणून मी ते चाखलं नाही. पण कुणीतरी जीव वाचवायला रचलेलं ते ताट बराच वेळ पाहत राहिले.

हे सगळं दूरचं वाटत असेल तर गोव्याकडे पाहा. १५६० मध्ये इन्क्विझिशन गोव्यात आलं आणि १८१२ पर्यंत, मधली चार वर्षं सोडता, चाललं. आपले मराठी संशोधक अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ मध्ये त्यावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. त्यात १७३६ चा एक जाहीरनामा दिला आहे. ख्रिस्ती झालेल्यांनी कोणत्या जुन्या चालीरीती सोडाव्यात त्याची ती लांबलचक यादी. त्यात एक कलम भाताचं आहे: भात शिजवताना मीठ न घालता नंतर वरून घेणं ही हिंदूंची पद्धत, ती पाळू नये. आपल्याकडे आजही कितीतरी घरांत साधा भात अळणीच शिजतो. भातात मीठ आधी की नंतर, यावरून माणसाचा धर्म तपासला जाऊ शकतो, हे आपल्या शेजारच्या राज्यात घडून गेलं आहे.

तेव्हा प्रश्न एकच, पण तो विचारणारे दोन प्रकारचे. यजमान विचारतो तेव्हा उत्तरावरून ताट ठरतं. चौकशी करणारा विचारतो तेव्हा उत्तरावरून माणूस ठरतो. मी मोठ्या शहरात शिकत असताना खोली शोधायला गेले होते. दारातच प्रश्न आला, ‘तुम्ही काय खाता?’ मी सांगितलं. खोली नुकतीच दुसऱ्यांना दिल्याचं कळलं. हा अनुभव फक्त मुसलमानांचा नाही. दलित, आदिवासी, कोकणातले मासे खाणारे, सगळ्यांकडे अशी एक खोली असते, न मिळालेली. आणि आपण सगळेच सोवळे आहोत असंही नाही. ‘त्यांच्या घरचं पाणी नको’ असं म्हणणारी तोंडं प्रत्येक गल्लीत आहेत, आमच्याही.

फर्नचं शरबत, चहाचा नातेवाईक

लिस्बनच्या मध्यावर साँव दोमिंगुश नावाचा चौक आहे. तिथे आंबट चेरीची दारू छोट्या पेल्यांतून विकणारी जुनी दुकानं आहेत, पर्यटकांची रांग लागते. याच चौकातल्या चर्चमधून एप्रिल १५०६ मध्ये दंगल उसळली आणि काही दिवसांत हजारावर ‘नवख्रिस्ती’ माणसं मारली गेली. २००८ मध्ये तिथे स्मारक उभारलं. आज त्याच चौकात आफ्रिकेतून आलेली माणसं संध्याकाळी गप्पा मारत उभी असतात.

चेरीची दारू मला चालणारी नव्हती. जवळच्या टपरीवर बिनदारूचं एक जुनं स्थानिक पेय मिळालं, ‘कापिले’. एका नाजूक फर्नचा पाक, संत्र्याच्या फुलांचं अर्क-पाणी, लिंबाची साल आणि थंड पाणी. ही वनस्पती पाहून मला आमच्या आजीचा औषधांचा डबा आठवला. युनानी हकीम तिला परसियावशां म्हणतात, खोकल्याच्या काढ्यात घालतात. मराठीत ती हंसराज. इफ्तारला रूह अफझाच्या जागी खुशाल ठेवावं असं ते शरबत.

चहाचीही एक गोष्ट आहे. पश्चिम युरोपात बहुतेक ठिकाणी चहाला ‘टी’ किंवा ‘ते’ म्हणतात. पोर्तुगीज मात्र ‘शा’ म्हणतात, लिहिताना ‘चा’च्या अक्षरांनी. चीनमधल्या मकावला त्यांची वसाहत होती, तिथला हा शब्द. पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन १६६२ मध्ये इंग्लंडच्या राजाची राणी झाली. तिनं इंग्रजी दरबारात चहाची आवड रुजवली असं मानतात, आणि तिच्या हुंड्यात इंग्रजांना मुंबई मिळाली. औशाच्या बसस्टँडवर कटिंग पिणाऱ्यानं एवढं लक्षात ठेवायला काय हरकत आहे!

भूकंपाची दोन शहरं

औशाच्या वाचकांना लिस्बनमध्ये एक जागा ओळखीची वाटेल. कार्मु नावाचा मठ. खांब आणि कमानी उभ्या, वर छप्पर नाही. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण. सकाळी चर्च भाविकांनी भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. भूकंप झाला, मग समुद्र आत आला, मग मेणबत्त्या आणि चुलींमुळे दिवसचे दिवस आग धुमसत राहिली. हजारो माणसं गेली. त्या मठाचं छप्पर आठवण म्हणून तसंच ठेवलं आहे.

मला तिथे ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवली. किल्लारी आमच्याच औसा तालुक्यातलं. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. दोन्हीकडे सणाचाच दिवस.

लिस्बन हादरल्यावर आता काय करायचं, असं राजानं विचारलं तेव्हा त्याच्या मंत्र्यानं, पोंबालनं, ‘मेलेल्यांना पुरा आणि जिवंतांना खाऊ घाला’ असं उत्तर दिल्याचं सांगतात. हे वाक्य नेमकं कुणाचं यावर वाद आहेत. पण त्या दिवशी आमच्या गल्लीत हे कुणी सांगावं लागलं नाही. मी शाळेत होते. अम्मी आणि शेजारच्या काकू एकाच चुलीवर भाकऱ्या थापत होत्या, कोरडी चटणी कागदात बांधत होत्या, आणि भरलेली टोपली किल्लारीच्या वाटेला लागत होती. त्या भाकरीला कुणी विचारलं नाही, कुणाच्या हातची आहेस. घेणाऱ्यानंही विचारलं नाही, देणाऱ्यानंही नाही.

मग मनात येतं, ‘काय चालतं’ हे विचारूच नये का? सगळं सगळ्यांना चालावं का? मला तसं वाटत नाही. संकटात प्रश्न गळून पडतात, कारण भूक सगळ्यात मोठी असते. पण रोजच्या सुखाच्या दिवसांत माणसाला आपली मर्यादा पाळू देणं, आणि ती पाळताना त्याला ओशाळं वाटू न देणं, हाही पाहुणचारच आहे. खानावळीच्या त्या बाईंनी चष्मा लावला तो यासाठी.

मशिदीतला सामोसा

शुक्रवारी मी लिस्बनच्या मध्यवर्ती मशिदीत गेले. ती १९८५ मध्ये उघडली. १९७४ च्या क्रांतीनंतर पोर्तुगालच्या आफ्रिकेतल्या वसाहती स्वतंत्र झाल्या, तेव्हा मोझांबिकमधून बरेच मुसलमान इथे आले. त्यांतल्या अनेकांचे आजे-पणजे गुजरातचे. नमाजनंतर एका वयस्क खालांशी उर्दू, गुजराती आणि हातवारे यांत गप्पा झाल्या. त्यांचा जन्म मोझांबिकचा, संसार लिस्बनचा, आणि खिचडीचा हट्ट काठियावाडचा. उन्हाळ्यात रमजान आला की तिथे रोजा सतरा तासांच्या आसपास जातो. ‘शेवटच्या तासाला मुलं घड्याळाकडं बघत नाहीत, सामोशाकडं बघतात,’ त्या हसून म्हणाल्या.

सामोसा तिथे ‘शामुसा’ झाला आहे. गोव्याच्या आणि मोझांबिकच्या वाटेनं तो लिस्बनला पोचला, आणि आता साध्या चहाकॉफीच्या दुकानातही काचेच्या कपाटात बसलेला असतो. पोर्तुगीज माणूस तो आपलाच म्हणून खातो. आत काय आहे हे विचारून घ्यावं लागतं. हलाल जेवण हवं असेल तर मोरारियात जावं. तिथल्या एका लांब गल्लीत बांगलादेशी आणि पाकिस्तानी दुकानं ओळीनं आहेत. साडेआठशे वर्षांपूर्वी हरलेल्या मुसलमानांना जिथे ठेवलं होतं, त्याच आळीत आज डाळ-भाताचा वास येतो, आणि जेवायला सगळ्या धर्मांचे लोक येतात.

रमजान आला आहे. औशात, लातुरात इफ्तारची बोलावणी सुरू होतील. भजी, चणे, खजूर, कलिंगड, शरबत, कुठे बगारा खाना आणि दालचा. हिंदू, जैन, लिंगायत, बौद्ध मित्र येतील. आमच्या आया-बहिणींना विनंती, बोलावताना आधीच विचारा, ‘तुम्हाला काय चालतं?’ दालच्यात मांस असेल तर मांसाशिवायचं एक पातेलं वेगळं लावा. कलथा, डावही वेगळा ठेवा आणि तो वेगळा ठेवला आहे हे सांगा. आणि येणाऱ्यांनाही विनंती, संकोचानं उपाशी परत जाऊ नका. नसेल चालत तर तसं बोला, खजूर आणि फळं घ्या. नाही म्हटलेला पदार्थ कुणाच्या मनाला लागत नाही. न सांगता टाळलेलं घर लागतं.

जमलं तर एखाद्या संध्याकाळी आसोर्दा करून पाहा. लसूण, कोथिंबीर, मीठ कुटा. ऑलिव्हचं तेल महाग आहे, आपलं करडईचं चालेल. पावाऐवजी शिळी भाकरी घ्या. गरम पाणी ओता. अंडं घालायचं की नाही, ते पानावर बसलेल्याला विचारा.